शेळ्यांत वाढणाऱ्या राखणी पिल्लासाठी विजेची जाळी: घ्यावी का?

राखणी कुत्र्याचं पिल्लू शेळ्यांसाठी आणणार असाल तर पहिला खर्च जाळीवर करा. पट्टा, साखळी, झोपायची पेटी हे सगळं नंतर. आमच्या भुरी या राखणी कुत्रीला शेळ्यांत वाढवताना सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असं कुणी विचारलं, तर उचलून दुसरीकडे नेता येणारी विजेची जाळी आणि तिला जोडलेलं झटका मशीन, हेच माझं उत्तर आहे. पण जाळी उभी केली, पिल्लू आत सोडलं आणि काम झालं, असं समजून कुणी ती घेऊ नये. शिंगाच्या शेळ्या असतील तर हीच जाळी जीवही घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बांधणीच्या जाळ्या अनेक जण बनवतात आणि गुणदोषही थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

आधी गरज कुठून आली ते. जनावरं वळणारं कुत्रं माणसाच्या शिट्टीवर धावतं. राखणी कुत्र्याचं तसं नाही. ते कळपातच राहतं, कळपातच झोपतं आणि परकं काही जवळ आलं की मध्ये उभं राहतं. जात ग्रेट पायरेनीज घ्या, अनातोलियन घ्या, मरेम्मा घ्या, वाढवायची रीत एकच. वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाच्या मनात ‘आपले कोण’ हे पक्कं होत जातं, आणि तेव्हा त्याच्या नाकाशी शेळ्यांचा वास असावा लागतो. ही गोष्ट नवी नाही. चार्ल्स डार्विनने 1833 मध्ये आजच्या उरुग्वेच्या भागात मेंढरांची राखण करणारी कुत्री पाहिली आणि लिहून ठेवलं, की तिथले लोक पिल्लू फार लवकर आईपासून तोडतात, मेंढीचं दूध पाजतात, वाड्यातच त्याला लोकरीचं अंथरूण करून देतात आणि इतर कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत मिसळू देत नाहीत. इतकं टोक गाठायची गरज नाही. पिल्लाला किमान आठ आठवडे आई आणि भावंडं हवीतच, आणि माणसाच्या हाताची सवयही हवी, नाहीतर मोठं झाल्यावर त्याला लस टोचायची कुणी? पण मूळ मुद्दा तोच आहे. पिल्लू शेळ्यांजवळ हवं, रात्रंदिवस.

आणि इथेच सगळं अडतं. मोकळं सोडलं तर पिल्लू माणसांमागे घरापर्यंत येतं, दारात बसतं आणि दाराचंच होऊन जातं. बांधून ठेवलं तर शेळ्यांना दाव्याची लांबी लगेच कळते. मारकी शेळी येऊन ढुशी मारते आणि पिल्लाला पळायला जागा नसते. गोठ्यात कोंडलं तर रात्र निघते, पण दिवसा कळप चरायला बाहेर आणि पिल्लू आत रडतंय. मला अशी हद्द हवी होती जिच्या आत शेळ्या आणि पिल्लू एकत्र असतील, चारा संपला की जी उचलून पुढे नेता येईल, आणि जिच्या आत कोणत्या शेळ्या ठेवायच्या हे मला रोज ठरवता येईल.

आमची जाळी 50 मीटर लांब आणि साधारण 106 सेंटिमीटर उंच आहे. आडव्या दोऱ्यांत पोलादाच्या बारीक तारा विणलेल्या आहेत, वीज त्यांतूनच वाहते. उभ्या दोऱ्या नुसत्या प्लास्टिकच्या. सगळ्यात खालची आडवी दोरी जमिनीला टेकते म्हणून तीही कोरी. खालची घरं लहान, वर मोठी होत जातात. खुंट्या जाळीतच ओवलेल्या असतात, पायाने दाबल्या की रुततात. एका जाळीचा चौकोन केला तर बाजू साडेबारा मीटरची होते, म्हणजे आत दीडशे चौरस मीटरच्या थोडी वर जागा. दोन जाळ्या जोडल्या की घेर दुप्पट होतो पण जागा चौपट. परवडत असेल तर पहिल्याच दमात दोन घ्या. एका जाळीतली जागा वाढत्या पिल्लाला आणि चार-सहा शेळ्यांना फार लवकर अपुरी पडते, आणि दाटीत भांडणं होतात.

झटका मशीन दर सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. दाब काही हजार व्होल्टचा, पण ठोका क्षणभराच्याही अंशाचा, म्हणून दुखतं आणि इजा होत नाही. शेळीला जुमानायला लावायचं तर जाळीच्या दूरच्या टोकालाही 4000 व्होल्टच्या वर दाब मिळायला हवा. हे अंदाजाने कळत नाही, कुंपणाचा दाब मोजणारा टेस्टर लावूनच पाहावं लागतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: जाळीला घरातली वीज थेट कधीही जोडू नका. मशीन बॅटरीवरचं असो, सौर असो वा घरच्या विजेवरचं, ते याच कामासाठी बनवलेलंच हवं. थेट वीज माणसालाही सोडत नाही.

आता खरं काम. पिल्लाला जाळी शिकवावी लागते, आणि या शिकवण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला जाळीशी गाठच घालू देऊ नका. त्याचं डोकं जाळीच्या घरातून आरपार जातं, झटका मानेला बसतो आणि दचकलेलं पिल्लू मागे यायच्या ऐवजी पुढे घुसतं. मग ते अडकतं किंवा पलीकडे जातं, आणि दोन्ही वाईटच. भुरी लहान होती तोवर ती भक्कम कुंपणाच्या अंगणातच शेळ्यांबरोबर राहिली. बाराव्या आठवड्यानंतर आम्ही जाळीचा एक तुकडा त्याच अंगणात, भिंतीला समांतर, हातभर अंतरावर उभा केला. मागे भिंत असल्यामुळे पुढे उडी मारून सुटायला वाटच नव्हती. शेळ्या त्या वेळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या होत्या. हे फार महत्त्वाचं आहे. झटका बसतो त्या क्षणी जवळ जे असेल त्याच्या माथी पिल्लू तो दोष मारतं. शेजारी शेळी उभी असेल तर ‘शेळी चावते’ असं त्याच्या मनात बसतं, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्याच्यावरच पाणी पडतं. तुम्हीही जवळ थांबू नका, नावाने हाक मारू नका, नंतर कवटाळू नका.

दाट केसांच्या कुत्र्याला जाळी अंगाला घासली तरी विशेष काही वाटत नाही. झटका लागतो तो ओल्या नाकाला. म्हणून पिल्लू स्वतःच कुतूहलाने हुंगायला गेलं पाहिजे. भुरी गेली, किंचाळली, मागे पळाली, लांबून बघत बसली. थोड्या वेळाने पुन्हा जवळ आली, पण नाक राखून. त्यानंतर तिने जाळीला जाणूनबुजून तोंड लावलेलं मी पाहिलं नाही. काही जण जाळीला खाऊ बांधून पिल्लाला तिकडे ओढतात. मला ते पटत नाही. खाऊ देणाऱ्या हातावरचा विश्वास कशाला डळमळीत करायचा? त्यापेक्षा रंगीत कापडाच्या चिंध्या बांधा, जाळी दुरून दिसते आणि नाक आपोआप तिकडे वळतं.

जाळीतल्या पहिल्या सोबतिणी कोण असाव्यात, यावर आमच्या सासूबाईंचं आणि माझं बरंच बोलणं झालं. मला वाटत होतं, लहान करडं आणि पिल्लू एकत्र खेळतील. त्या म्हणाल्या, “करडं पळतील, ही मागे धावेल, आणि धावण्यातच हिला गोडी लागेल. गंगीला सोड आत. ती हिला बसायला शिकवेल.” गंगी आमची जुनी, बिनशिंगी, शांत शेळी. तिच्यासोबत आणखी दोन थोराड शेळ्या ठेवल्या. नुकती व्यायलेली एकही नाही, कारण करडं पायाशी असलेली शेळी पिल्लाला जिवानिशी मारू शकते. भुरीने गंगीचा कान ओढायचा प्रयत्न केला आणि गंगीने मान खाली घालून अशी एक ढुशी दिली की भुरी लोळलीच. ना आम्ही ओरडलो, ना मध्ये पडलो. दुपारी गंगी रवंथ करत बसली होती आणि तिच्या पाठीला पाठ लावून भुरी झोपली होती. कुत्र्याला शेळीची अदब शेळीच शिकवते. जाळीचं काम एवढंच, की शिकवणारी कोण असावी ही निवड तुमच्या हातात राहते.

पण ढुशी खाल्लेल्या पिल्लाला लपायला जागा हवी, आणि ती जागा जाळीची करू नका. शेळीने दामटलेलं पिल्लू पळत जाऊन विजेच्या जाळीवर आपटलं तर ढुशी आणि झटका एकत्र बसतात, आणि असं एकदा झालं तरी पिल्लू शेळ्यांपासून फटकून राहू लागतं. आत लाकडी फळ्यांचा एक कोपरा करा, ज्याच्या खालून पिल्लू सरपटत जाईल पण शेळी जाणार नाही. पिल्लाचं खाणं-पाणीही त्याच कोपऱ्यात ठेवा. शेळ्या कुत्र्याचं खाणं आवडीने फस्त करतात, आणि खाण्यावरून पिल्लू शेळीवर गुरगुरायला शिकलं की ती खोड मोडणं कठीण जातं. उलट बाजूही सांभाळा: शेळ्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असेल तर ते कुत्र्याला विषारी ठरतं, त्यामुळे गव्हाण पिल्लाच्या तोंडाला येणार नाही इतकी उंच हवी.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून राखणी कुत्र्यांवर मोठं काम केलं. चांगलं राखणी कुत्रं कसं ओळखायचं, तर त्यांनी तीन गुण पाहिले: कळपाकडे लक्ष असणं, कळपाला इजा न करणं आणि संकटात कळपाच्या आडवं येणं. तिसरा गुण रक्तातून येतो आणि वयाबरोबर उमलतो, त्याला जाळी काही करू शकत नाही. पहिल्या दोन्हींना मात्र जाळीचा आधार फार मोठा आहे, आणि तो सगळ्यात जास्त जाणवला भुरीच्या अडनिड्या वयात.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा हा काळ. कुत्रं दिसायला पूर्ण मोठं, अंगात ताकद मोठ्याची, डोकं मात्र पिल्लाचं. याच वयात पुष्कळ लोक हताश होऊन कुत्रं देऊन टाकतात, आणि ते ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण थोडा धीर धरला असता तर तेच कुत्रं कळपाचं सोनं झालं असतं. या वयात कुत्रं खेळ म्हणून करडामागे धावतं, शेपटी धरतं, कान चावतं. मनात वैर नसतं, पण करडू मरतं. एकदा का धावण्याची चटक लागली की ती सुटत नाही, म्हणून धावायची संधीच द्यायची नाही. आम्ही जाळी मधोमध उभी केली. एका बाजूला करडं आणि त्यांच्या आया, दुसऱ्या बाजूला भुरी आणि थोराड शेळ्या. तिला करडं दिसत होती, त्यांचा वास येत होता, त्यांच्या उड्यांची सवय होत होती, पण खेळायला मिळत नव्हती. आम्ही जवळ असलो की दाव्याला धरून तिला पलीकडे न्यायचं, शांत बसली की राहू द्यायचं, कान टवकारून अंग ताठ केलं की परत. भक्कम कुंपणाने हेच जमलं असतं, पण कुंपण रोज सरकवता येत नाही. एका जाळीवर दोन वाडे करता येणं, हा मला या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

शेळ्या व्यायला लागल्या तेव्हाही हेच. पहिल्या खेपेला तरुण कुत्री नवजात करडू चाटायला इतकी आतुर होते की आईलाच हुसकावते, आणि मग आई करडाला जवळ घेत नाही. भुरीला आम्ही जाळीपलीकडून सगळं बघू दिलं. करडू उठलं, सड तोंडात धरला, आईने ओळखलं, मगच तिला जवळ आणलं. वार कुत्र्याने खाल्ली तर घाबरू नका, कळपाभोवती वास राहू नये म्हणून राखणी कुत्री ते करतातच. पण मेलेल्या जनावराचं कच्चं आतडं, काळीज, फुप्फुस कुत्र्याला कधीही घालू नका. त्यातून पट्टकृमी कुत्र्यात जातो, कुत्र्याच्या विष्ठेतून शेळ्यांत येतो, आणि त्यातल्या एका जातीची गाठ माणसाच्या यकृतातही होते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याचं जंताचं औषध वेळेवर करा. पिल्लू आणि शेळ्या एकाच जाळीत राहतात तेव्हा हे टाळून चालत नाही.

आता दोष. सगळ्यात गंभीर दोष मी सुरुवातीला सांगितलाच, शिंगांचा. शिंगं असलेली शेळी पलीकडच्या हिरव्या पाल्यासाठी डोकं घालते, मागे घेताना शिंग अडकतं आणि मग झटक्यावर झटके. कुणी जवळ नसेल तर ती मरते. लहान करडांचंही तसंच. मशीन बंद असताना हा धोका वाढतो, कारण वीज नाही हे शेळ्यांना लवकर कळतं आणि त्या बिनधास्त घुसतात. जाळी उभी असेल तर मशीन चालूच हवं, आणि मशीन बंद करायचं असेल तर जाळी गुंडाळून ठेवा. आमच्या बहुतेक शेळ्या बिनशिंगी आहेत म्हणून ही जाळी आम्हाला चालते. शिंगाळ शेळ्यांना आम्ही जाळीत ठेवत नाही.

दुसरं, कोरडी जमीन. झटका पूर्ण व्हायचा तर वीज जनावराच्या पायातून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या सळईपर्यंत परत यावी लागते. माती सुकली की तो रस्ताच तुटतो. टेस्टरचा आकडा घसरला तर मशीनला दोष देण्याआधी अर्थिंग बघा. सळई खोल ठोका, एकाऐवजी दोन-तीन ठोका, भोवती पाणी ओता. जोडीला गवत: वाढलेलं ओलं गवत जाळीला टेकलं की दाब तिथेच झिरपतो. जाळी हलवायच्या आधी नव्या जागेवरची पट्टी कापून घ्यावी लागते, आणि हे कष्ट जाहिरातीत कुणी दाखवत नाही.

कोपऱ्यांवर जाळी झोल खाते. तिथे वेगळी भक्कम खुंटी आणि ताणाची दोरी लागते, ती बहुधा सोबत येत नाही. खडकाळ जमिनीत प्लास्टिकच्या खुंट्यांची टोकं वाकतात. गुंडाळताना घाई केली तर असा गुंता होतो की अर्धा दिवस त्यातच जातो. खुंट्या एकावर एक जुळवत, घड्या घालत गेलात तर होत नाही. बेडकासारखे लहान जीव खालच्या दोऱ्यांत अडकून मरतात, म्हणून सकाळी जाळीभोवती एक फेरी मारावी.

ज्यांचा कळप दिवसभर गुराख्याबरोबर मोकळ्यावर फिरतो त्यांना ही जाळी जवळपास निरुपयोगी आहे. नामिबियात चीता कॉन्झर्वेशन फंड 1994 पासून शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना अनातोलियन जातीची कुत्री देतो, चित्त्यांना गोळ्या घालायची वेळ येऊ नये म्हणून. तिथे कुत्रं कळपाबरोबर चालत चरायला जातं. अशा ठिकाणी पिल्लू शिकतं ते बरोबर चालणाऱ्या माणसाकडून आणि जाणत्या कुत्र्याकडून. घरी जाणतं राखणी कुत्रं असेल तर तुमचंही अर्धं काम तेच करेल, मग एक जाळी पुरे.

आणि जाळीच्या भरवशावर पिल्लावर राखणीचा भार टाकू नका. दीड-दोन वर्षांपर्यंत ते शिकाऊच असतं. लांडग्यांच्या किंवा भटक्या कुत्र्यांच्या टोळीसमोर एकटं पिल्लू टिकत नाही. रात्री शेळ्या आणि पिल्लू दोघंही बंद गोठ्यात हवीत.

घेताना काय बघाल? दोन टोकांच्या खुंट्या घ्या, एका टोकाची खुंटी वाऱ्यात फिरते. उभ्या दोऱ्या ताठ असलेली जाळी घ्या, ती झोल कमी खाते. तुटलेली तार जोडायचं सामान सोबत आहे का विचारा, कारण करडं उड्या मारतात आणि तारा तुटतात. मशीन जाळीच्या एकूण लांबीला पुरेल त्याहून थोडं मोठं घ्या, म्हणजे दुसरी जाळी जोडताना ते बदलावं लागणार नाही. टेस्टर वेगळा विकत घ्यावा लागला तरी घ्याच, आणि तो गोठ्याच्या दाराशी टांगून ठेवा, सकाळी शेळ्या सोडायच्या आधी हाताशी येईल असा.